बाहेरून लागणाऱ्या झडपा

झडपांचा हट्ट माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ते ऐकवायला नको. समुद्राकाठच्या आमच्या घराच्या खिडक्या वादळात फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर बाहेरच्या अंगाला पत्र्याच्या भक्कम झडपा बसवायच्या, हे मी ठरवलं. कशाच्या, कसल्या, कशा मिटणाऱ्या, तेही मीच शोधलं. फक्त त्यांची कडी कुठल्या बाजूला असावी, एवढं एक माझ्या पाठीमागे ठरलं.

मी माणची, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यातली. साताऱ्यात ‘मी माणची’ म्हटलं की समोरचा नुसतं ‘अच्छा’ म्हणतो, आणि त्या ‘अच्छा’त टँकर, हंडे, शेळ्या आणि मुंबईला गेलेले पुरुष असं सगळं येतं. आमच्याकडे अंघोळ घमेल्यात उभं राहून व्हायची आणि घमेल्यातलं पाणी दारातल्या लिंबाला जायचं. टँकर आला की गल्लीत ज्या शिव्या ऐकू यायच्या, तसल्या पुढे मी कुठल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकल्या नाहीत, आणि स्टाफरूममध्ये मी काही कमी ऐकलेलं नाही. माझे एक चुलते मुंबईला गोदीत कामाला होते. जत्रेला गावी आले की मला जवळ बसवून समुद्राचं सांगायचे. “पाणीच पाणी, पोरी. बघशील तितं पाणी. आन् कुणाची पाळी न्हाई.” कुणाची पाळी नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडायचं.

शिक्षिका झाल्यावर मुलांच्या सहलीबरोबर गेले तेव्हा समुद्र पहिल्यांदा बघितला. मुलं ओरडत पाण्यात पळाली आणि त्यांना आवरायचं सोडून मी वाळूत उभी. बरोबरच्या बाई म्हणाल्या, “अहो, खारं तर पाणी. काय बघता एवढं?” आता ह्यांना काय सांगायचं? पिण्यापुरतं पाणी मला तोवर मिळायला लागलं होतं, बघण्यापुरतं मिळायचं राहिलं होतं. त्या दिवसापासून मी एकच धरून बसले. नोकरी संपली की समुद्राकाठी राहायचं. चार दिवस हवापालट करायला नाही, राहायला.

माझा नवरा मात्र पाण्यातलाच. सांगली जिल्ह्यात, अगदी कृष्णेच्या काठाला त्यांचं गाव. ऊस, काळी जमीन, आणि पाणी इतकं की मोटर बंद करायला कुणी विसरलं तरी घरात आरडाओरडा होत नाही. लग्न होऊन गेले तेव्हा सासूबाईंनी पाय धुवायला अख्खी बादली पुढे केली आणि मला रडू आलं. त्यांना वाटलं, पोरीला माहेर आठवलं. पण त्या गावाला पाण्याचं अप्रूप नव्हतं, धसका होता. नदी चढायला लागली की घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडताना बघत राहायचं. ठरलेली पायरी बुडाली की जनावरं सोडायची, माणसं ट्रॅक्टरवर घालायची, घर बाहेरून लावायचं आणि उंचावर निघून जायचं. मागे कधीतरी एका घरातली म्हातारी माळ्यावर डुलकी काढत राहिली आणि घरच्यांनी कडी घालून टाकली, असं सांगतात. म्हातारी वाचली, पण तेव्हापासून गावात रीतच पडली. कडी घातली की कुलूप लावायच्या आधी मोठ्यानं ओरडायचं, “आत कोण हाय का?”

ही रीत ह्यांच्याबरोबर आमच्या साताऱ्याच्या फ्लॅटमध्येही आली. कोपऱ्यावर भाजी आणायला निघालो तरी कुलूप हातात धरून हे बंद दाराला विचारणार, “आत कोण हाय का?” मुलगा लहान होता तेव्हा जिन्यातून ओरडायचा, “न्हाई!” तो नोकरीला पुण्याला गेला तसं ‘न्हाई’ म्हणायचं काम माझ्याकडे आलं. शेजाऱ्यांना वाटायचं, ह्या दोघांचं डोकं फिरलंय.

समुद्राकाठचं घर माझ्या पगारातून झालं, हे मी मुद्दाम सांगते. गुहागरच्या पुढे, सुरूच्या झाडांमागे, दोन खोल्या आणि एक पडवी. भिंती जांभ्या दगडाच्या. बांधताना मात्र सगळं ह्यांनीच बघितलं. ह्यांची नोकरी बँकेतली. सुट्टी मिळाली की हे कुंभार्ली घाट उतरून गवंड्याच्या मागे लागायचे. मी मैत्रिणींना सांगायचे, माझ्यापेक्षा ह्यांनाच हौस जास्त. घर उभं राहिल्यावर मात्र तिथे मुक्काम करायचा म्हटलं की काहीतरी निघायचं. गावाकडे उसाला तोड आली. पाठ धरली. कुणाचं लग्न निघालं. कसाबसा एखादा मुक्काम व्हायचा, आणि तेव्हाही हे पडवीत खुर्ची टाकून बसलेले असायचे, सकाळी मी उठले तरी तिथेच. मी म्हणायचे, बघा, समुद्राचा किती नाद लागलाय ह्यांना. मी आपली मनात मांडे खात होते.

मग ते वादळ आलं. आम्ही साताऱ्यात होतो. रस्ते मोकळे झाल्यावर गेलो तर एकाही खिडकीला काच नव्हती. गादीत वाळू, भांड्यांत वाळू, आतल्या भिंतींना सुरूच्या काड्या चिकटलेल्या. शेजारच्या काकू वादळात स्वतःच्या घरातच होत्या. त्या म्हणाल्या, “वारा छपरावरनं नाही हो येत, खिडकीतनं येतो. एकदा खिडकी गेली की मग घर गेलंच.” हे पडवीतच उभे राहिले, आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, “आता हितं ऱ्हायचं म्हंजे अवघडच हाय की गं.” साताऱ्यात इतकी वर्षं काढून हे बँकेतलं मराठी बोलायला शिकलेत, पण धक्का बसला की गाव बाहेर येतं.

“झडपा बसवू,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी केरसुणी धरून वाळूत उभी होते, आणि माझ्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता.

“बसवू की,” ते म्हणाले. “झडपा झाल्या की येऊ राहायला.”

हा शब्द मी पदराच्या गाठीला बांधून ठेवला.

झडपा निवडणं म्हणजे पडदे निवडणं नव्हे. साताऱ्यातल्या पहिल्या दुकानात त्या विक्रेत्यानं मला बटणावर चालणारं शटर दाखवलं. बटण दाबलं की सरसर खाली येतं. मी विचारलं, “आणि वादळात लाइट गेली की?” तो म्हणाला, “मॅडम, इन्व्हर्टर.” “आणि इन्व्हर्टर संपला की?” “तोवर वादळ संपेल ना, मॅडम.” माझ्या वर्गात असता तर त्याला मी तासभर उभा केला असता. दुसऱ्या ठिकाणी किराणा दुकानाला असतं तसलं लोखंडी शटर. खाऱ्या हवेत ते असं गंजून बसलं असतं की एकदा खाली आलं ते वर न्यायला गॅसकटर बोलवावा लागला असता. तिसऱ्यानं जाड पारदर्शक प्लास्टिकचे तक्ते सुचवले. वादळाची बातमी आली की शिडीवर चढायचं आणि एकेक तक्ता बोल्टनं आवळायचा. माझा उजवा खांदा वर जात नाही, फळ्यावर लिहून लिहून गेलाय तो. शिडी आणि मी, हे वादळ नसतानाही जमणार नाही.

शेवटी मला काय हवंय ते माझं मलाच सुचलं, आणि ते फार साधं होतं. ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याचे दोन पल्ले, खिडकीच्या बाहेरच्या अंगाला बिजागऱ्यांवर. एरवी ते दोन्हीकडे भिंतीला टेकून उघडे राहतील. वारा सुटला की खिडकीतून हात काढून पल्ले ओढून घ्यायचे, आतून आडवा अडसर टाकायचा आणि चहाचं आधण ठेवायचं. बिजागऱ्या आणि स्क्रू न गंजणाऱ्या स्टीलचे. दारालाही तसलीच एक झडप. हे मी फळ्यावर गणित सोडवावं तसं ह्यांना समजावून सांगितलं, आणि हे प्रत्येक पायरीला मान हलवत गेले.

असलं काम करून देणारं माणूस घरचंच होतं. ह्यांच्या भावकीतल्या चुलतभावाचं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, उसाच्या ट्रॉल्या, जे येईल ते. आम्ही दोघं गेलो. भाऊजींनी चहा मागवला, मी खडू मागवला, आणि तिथल्याच एका पत्र्यावर खिडकी काढून दाखवली.

भाऊजी म्हणाले, “वैनी, अडसर भायेरनं घेऊ की. म्हंजे कुलूपबी लावता येतंय.”

“भाऊजी, हे तुमचं पुराचं डोकं झालं,” मी म्हणाले. “पूर आला की घर सोडायचं असतं, म्हणून तुमच्याकडे बाहेरून लावतात. वादळ आलं की घर धरून बसायचं असतं. मग कडी आतून नको?”

“व्हय की! हे काय ध्यानातच आलं न्हाई बगा,” भाऊजी हसले. हेही हसले. त्या गावच्या माणसांचा हात कडी म्हटलं की बाहेरच्या अंगालाच जातो, ह्याची मला तोवर गंमतच वाटायची.

नमुन्याची एक झडप त्यांनी करून ठेवली, आणि पुढच्या खेपेला ती वर्कशॉपच्याच खिडकीला लावून मी ओढून बघितली. पाळी संपवून गाड्यांना किक मारत असलेली शेजारच्या कारखान्यातली माणसंही थांबून बघायला लागली, की ही बाई खिडकीशी कसली कुस्ती खेळतेय. पल्ला आला, पण मूठ जरा उंच होती आणि माझा खांदा कुरकुरला. मी काही बोलायच्या आत हे पुढे आले. मुठीच्या खाली स्वतःची चार बोटं आडवी ठेवली आणि भाऊजींना म्हणाले, “एवढी खाली घे. हिचा हात वर जात नाही.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला साड्या आणल्या, दागिना केला, आजारपणात उशाशी बसले. पण त्या चार बोटांइतकं गोड मला कधी काही वाटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मी गाडीत गाणं गुणगुणले. हे समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते.

निरोप समारंभात मी भर सभेत सांगितलं, की दिवाळीनंतर मला साताऱ्यात शोधू नका, समुद्रावर या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसून ह्यांनीही वाजवल्या. मी फ्लॅटमधली दोन कपाटं देऊन टाकली. शिलाई मशीन, खलबत्ता, जाड गोधड्या असं एकेक तिकडे न्यायचं म्हणून बाजूला काढायला लागले. त्याच सुमाराला ह्यांनी गावच्या घरावर माडी चढवायला काढली होती. पुराचं पाणी आलं तरी वर राहता यावं म्हणून. मी म्हणाले, चढवा की, पुतण्यांना होईल. ते ‘हं’ म्हणाले. एकदा मला घेऊन गेले, स्वयंपाकाचा ओटा किती उंच हवा ते विचारलं, बाथरूमच्या टाइल माझ्या पसंतीनं घेतल्या. मला वाटलं, शिकलेली बाई म्हणून मला विचारतायत. मी फिकट हिरव्या निवडल्या.

झडपा बसवायचा दिवस उजाडला. भाऊजी आपली दोन माणसं घेऊन टेम्पोनं आधीच पोहोचले होते, आम्ही मागून आमच्या गाडीनं गेलो. घाटाच्या वळणांत सांडू नये म्हणून लोणच्याची बरणी मी पायांत धरून बसले होते. पोहोचलो तेव्हा ड्रिल चालू झालं होतं. जांभ्याला भोक पाडणं कटकटीचं असतं, दगड भुसभुशीत होऊन सांडत राहतो आणि लाल धूळ उडते. मला एकेक बोल्ट जाताना बघायचा होता. पण हे म्हणाले, “चल, देवळात जाऊन येऊ. हितं नुसती धूळ खाशील.”

ह्यांचा देवाधर्माशी संबंध प्रसादापुरता. मला आश्चर्य वाटलं, आणि बरंही वाटलं. नव्या घरात राहायला यायच्या आधी माणसाला देव आठवतो, असं मी मनाशी म्हटलं. आम्ही नारळ फोडला, समुद्रावरून हिंडलो, ह्यांनी मला कोकम सरबत पाजलं, बाजारात उगाचच सुपं आणि टोपल्यांच्या किमती विचारल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं असतात. हे तर भांडं लपवून वर मलाच ताकाला घेऊन गेले.

परत आलो तर झडपा बसल्या होत्या. मी निवडलेला विटकरी रंग, जांभ्याच्या भिंतीवर अगदी जिथल्या तिथे. मी चपला पडवीत टाकून सरळ आत गेले आणि पहिल्याच खिडकीतून हात बाहेर काढला. मूठ बरोबर माझ्या हाताला आली, चार बोटं खाली. पल्ला ओढला. हलका आला, खांदा हूं की चूं नाही. दुसरा ओढला. खोलीत काळोख झाला आणि समुद्राचा आवाज निम्म्यानं कमी झाला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं “वा!” म्हणाले. मग अडसर टाकायला हात चाचपला तर हाताला काहीच लागेना. नुसता गुळगुळीत पत्रा. मूठ सोडली तशी वाऱ्यानं पल्ला हळूच उघडला आणि खोलीत पुन्हा उजेड आला.

मी पुन्हा ओढला. पुन्हा उघडला. मी धरून ठेवेन तेवढाच वेळ ती झडप मिटलेली राहत होती.

बाहेर येऊन बघितलं तर अडसर बाहेरच्या अंगाला. नवाकोरा, चकचकीत, कुलपासाठी कोयंड्यासकट. सगळ्याच खिडक्यांना तसाच.

आणि मी हसले. खरंच हसले. “भाऊजी, शेवटी गावच्या वळणावर गेलातच ना! एवढं खडूनं काढून दाखवलं होतं मी. आता काढा ते सगळं आणि आत बसवा. तोवर मी पोहे टाकते.”

भाऊजी फडक्यानं हात पुसत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ह्यांच्याकडे बघितलं.

“दादा, वैनींना सांगितलं न्हाई व्हय तुमी?”

“काय सांगायचं होतं?” मी विचारलं.

हे अंगणातल्या लाल धुळीकडे बघत राहिले. शेवटी भाऊजीच म्हणाले, “वैनी, तुमी नमुना बघून गेलासा, त्याच्या दुसऱ्या दिशी दादांचा फोन आला. म्हणले, अडसर भायेरनंच घे, कुलपाची सोय कर. आत कोण ऱ्हाणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी. म्हणजे मुठीखाली चार बोटं ठेवली, मधे एक रात्र गेली, आणि फोन.

“मग मूठ कशाला केलीत एवढी खाली?”

“ती नको म्हणले न्हाईत,” भाऊजी म्हणाले, आणि ड्रिल उचलायला निघून गेले. टेम्पो भरायला त्यांना फार वेळ लागला नाही. पोह्यांना कुणी थांबलं नाही.

टेम्पो गेल्यावर पडवीत आम्ही दोघंच उरलो. मी म्हणाले, “बोला.”

“आगं, तुला न्हाई म्हणवत नव्हतं मला,” ते म्हणाले. “दर बारीला ठरवायचो, आज सांगायचं. तू लगीच पडद्याचं न्हाईतर झाडाचं काढायचीस.”

“मग झडपा कशाला केल्यात?”

“वाटलं, झडपा झाल्या की तुझा जीव निवंल. घर ऱ्हाईल नीट. अधनंमधनं येऊ की बघायला.”

बघायला. मी इतकी वर्षं ‘राहायला’ म्हणत होते आणि ते इतकी वर्षं ‘बघायला’ ऐकत होते, असंही नव्हतं. त्यांनी नीट ऐकलं होतं. ऐकून, मान हलवून, टाळ्या वाजवून, मग बाजूला जाऊन फोन केला होता.

“मला हितं झोप येत न्हाई,” ते म्हणाले. “कवाच आली न्हाई. नदी येती तवा सांगून येती, पायरी-पायरीनं. ह्याचं काय सांगावं? दिसरात आपलं चाललेलंच. कवा आत येईल ह्याचा नेम न्हाई.”

तेव्हा मला पडवीतली ती खुर्ची कळली. नाद लागला म्हणत होते मी. माणूस राखण करत बसला होता.

दया यायला हवी होती, असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. मला आली नाही. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. ‘भीती वाटते’, एवढे दोन शब्द सांगायचे होते. आम्ही भांडलो असतो. थोडे महिने इथे, थोडे तिथे, असं काहीतरी काढलं असतं, नाहीतर मी एकटी आले असते, नाहीतर हट्ट सोडला असता. सोडला असता तर मी सोडला असता. ह्यांनी मला भांडूच दिलं नाही. माझ्याकडून रंग निवडून घेतला, माझ्या खांद्याचं माप घेतलं आणि केसानं गळा कापला.

“आणि राहायचं कुठे ठरवलंत आपण?” उत्तर समोर दिसत असूनही मी विचारलं.

“माडी झालीया की,” ते म्हणाले. आणि वर, जणू हे ऐकून मला बरं वाटेल अशा सुरात, “टाइल तुझ्याच पसंतीच्या हायत.”

ज्या माणसाला पाण्याची भीती वाटते, तो मला कृष्णेच्या काठावर राहायला नेत होता. स्वतःच्या गावचं पाणी, ते घरात गळ्यापर्यंत आलं तरी आपलं. माझं पाणी मात्र परकं. मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “तसं न्हाई गं.”

तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. “बसल्या का झडपा? छान दिसतायत. किल्ली माझ्याकडेच ठेवायची ना? मागच्या वेळी तुमचे मिस्टर म्हणाले होते.” मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि दूध ठेवलंय म्हणून घाईनं परत गेल्या. म्हणजे काकूंना माहीत होतं. मी पुण्याला मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आई, बाबा तुला सांगणार होते ना?” म्हणजे त्यालाही माहीत होतं. कुपवाडपासून गुहागरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की मी ह्या घरात राहणार नाही. ठाऊक नव्हतं ते फक्त जिचं घर तिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणाच्या नावानं?

उन्हं कलली. हे म्हणाले, अंधार पडायच्या आत घाट चढायला हवा. मी गाडीत जाऊन बसले. माझी बरणी तशीच पुढच्या सीटखाली होती. ती अजून उतरवलीच नव्हती, आणि ह्यांनी दिवसभरात एकदाही उतरवू का म्हणून विचारलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. हे मागच्या बाजूनं झडपा लावायला गेले. पल्ला मिटल्याचा आवाज, मग अडसर बसल्याचा. मी बरणी उचलली, पडवीची पायरी चढले आणि आत गेले.

कशासाठी गेले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बरणी ओट्यावर ठेवली आणि खोलीत आतल्या भिंतीला टेकून उभी राहिले. स्वयंपाकघराची खिडकी मिटली. मग झोपायच्या खोलीची. ह्यांच्या चपला घराभोवती फिरत होत्या, आणि त्या जिथे पोहोचत तिथला उजेड जात होता. काम मात्र चोख झालं होतं. कुठे फट नाही, कुठे करकर नाही. समुद्राकडची खिडकी शेवटी राहिली होती. पाण्यावर पिवळं ऊन होतं. एक पल्ला आला, दुसरा आला, आणि समुद्र गेला. मग दाराची झडप ओढली गेली, बाहेरून अडसर पडला, आणि मला माझा हातसुद्धा दिसेना.

कुलूप खळखळलं. मग त्यांनी विचारलं. सवयीनंच विचारलं असणार, मी गाडीत बसलेय अशी त्यांची खात्री होती. साताऱ्याच्या जिन्यात विचारायचे तस्संच, मोठ्यानं.

“आत कोण हाय का?”

इतकी वर्षं ह्याला ‘न्हाई’ म्हणायचं काम माझं होतं. मी अंधारात दाराशी गेले.

“हाय,” मी म्हणाले. “मी हाय आत.”

बाहेर कुलपाचा आवाज थांबला. मी आतली मूठ धरली, ती बरोबर माझ्या हाताच्या उंचीला होती, आणि तशीच उभी राहिले. कडी त्यांच्या बाजूला होती.